परदेशातील खेड्यात हाडासकट मटण कोठे मिळेल? तातडीने मदत हवी आहे

डोंगरवाट (मूळ प्रश्न)
नमस्कार. गेले चार महिने मी नोकरीनिमित्त येथील एका डोंगराळ खेड्यात राहत आहे. गावात एकच दुकान आहे आणि तेथील मांसाच्या कप्प्यात कागदासारखे पातळ काप थाळ्यांमध्ये ओळीने रचून ठेवलेले असतात. हाड औषधालाही सापडत नाही. मला नळ्या, चाप आणि थोडी चरबी असलेले साधे मटण हवे आहे, जे आपल्याकडे कोणताही खाटीक न सांगता देतो. दुकानदाराला खाणाखुणा करून विचारले, तर त्याने पुन्हा तेच काप पुढे केले. गेल्या रविवारी बर्फातून चाळीस किलोमीटर गाडी चालवून मोठ्या दुकानात गेलो, तर तेथेही तेच काप होते, फक्त थाळ्या जास्त होत्या. मला येत्या रविवारच्या आत मटण हवे आहे. कृपया पाककृती सुचवू नयेत, फक्त कोठे मिळेल ते सांगावे.

इसानकर
मी ईशान्य थायलंडमध्ये उदॉन थानीजवळ सहा वर्षांपासून राहतो, त्यामुळे आपली अडचण मला पूर्णपणे समजते. इकडच्या गावच्या बाजारात डुक्कर, कोंबडी, गाय आणि म्हैस मिळते, पण बकरी पाहायला मिळणे कठीण. पट्टानी आणि याला या दक्षिणेकडील मुस्लिमबहुल प्रांतांत मात्र बकरीचे मांस नेहमीच्या जेवणात असते. मी शहरातील घाऊक विक्रीच्या मोठ्या दुकानातून गोठवलेले मेंढीचे मांस महिन्यातून एकदा आणतो. आपणही तसेच करावे.

माळावरची_चूल
आपण देशाचे नावच लिहिलेले नाही, त्यामुळे इसानकर यांच्या सल्ल्याचा उपयोग होईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसावे. दुसरे असे की ‘मटण’ म्हणजे आपल्याला बोकड अपेक्षित आहे की मेंढी चालेल? भारताबाहेर बहुतेक ठिकाणी हा शब्द मेंढीसाठी वापरतात, आणि आपल्याकडचे लोक येथेच फसतात. गोठवलेले चालेल का, हेही सांगा.

डोंगरवाट
जपानमध्ये आहे. शिमाने प्रांतात, हिरोशिमाच्या हद्दीजवळ. बर्फाचा आणि पातळ कापांचा उल्लेख केल्यावर ते उघड आहे असे मला वाटले होते. मटण म्हणजे अर्थातच बोकडाचे, पण आता मेंढीचेही चालेल. गोठवलेले चालेल.

नाबेमोनो
मी नागानोत अकरा वर्षे आहे. जपानमध्ये मांसाच्या थाळीवर जनावराच्या भागापेक्षा पदार्थाचे नाव ठळक असते. शाबुशाबुसाठी, सुकियाकीसाठी, शोगायाकीसाठी, करीसाठी असे लिहिलेले असते, आणि त्या पदार्थाला लागेल तसेच ते कापलेले असते. चॉपस्टिकने उचलून खायचे जेवण असल्यामुळे हाड आधीच काढून टाकतात. त्यामुळे ‘नळी द्या’ किंवा ‘खांद्याचे द्या’ असे सांगून उपयोग होत नाही. तुकडा कशासाठी आणि कसा हवा, हे सांगावे लागते. आपल्याला ‘होनेत्सुकी’ म्हणजे हाडासकट आणि ‘बुत्सुगिरी’ म्हणजे जाड तुकडे, हे दोन शब्द पाठ करावे लागतील.
मेंढीचे मांस होक्काइदोत सर्रास मिळते, कारण तेथे जिंगिसुकान, म्हणजे तव्यावर भाजलेले मेंढीचे मांस, घरोघरी खातात. नागानोतील शिंशूशिनमाची आणि इवातेतील तोनो ही दोन गावेही त्यासाठी प्रसिद्ध आहेत. शिमानेच्या गावातील दुकानात ते क्वचितच दिसेल, आणि दिसले तरी हाड काढलेलेच असेल.

गावरान_कोंबडा
मटणाच्या मागे लागण्यापेक्षा आपण जिदोरी कोंबडी का घेत नाही? ती आपल्या गावरान कोंबडीच्या सर्वांत जवळची असते. जपानच्या कृषी मानकानुसार तिच्यात देशी जातींचे रक्त किमान ५० टक्के असावे लागते आणि ती किमान ७५ दिवस वाढवावी लागते. पूर्वी ही अट ८० दिवसांची होती. बॉयलर कोंबडी साधारण दीड महिन्यात कापतात, यावरून चवीतील अंतर लक्षात येईल. रश्शाला जी चव जिदोरीने येते ती गोठवलेल्या मटणाने कधीही येणार नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

माळावरची_चूल
प्रश्नकर्त्याने मटण मागितले आहे. कोंबडीला मटण म्हणावे असा आग्रह आपण प्रत्येक ठिकाणी का धरता?

गावरान_कोंबडा
मी कोंबडीला मटण म्हटलेले नाही, मटणापेक्षा चांगली म्हटले आहे.

नाबेमोनो
कोंबडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हाडासकट कोंबडीचे तुकडे हवे असतील, तर हिवाळ्यात ‘मिझुताकी’साठीची थाळी शोधावी. मिझुताकी हा फुकुओकाकडचा कोंबडीच्या रश्शाचा प्रकार आहे आणि त्यासाठी मांडी हाडासह तोडून ठेवलेली असते. आपल्या रश्शासाठी कापलेल्या कोंबडीच्या जवळ जाणारे मला येथे तेवढेच सापडले आहे. कातडी मात्र स्वतः काढावी लागते, कारण कोंबडी सोलून विकण्याची पद्धत येथे फारशी नाही.

डोंगरवाट
माहितीबद्दल आभारी आहे, पण कोंबडी नको आहे. आमच्या घरामागे बंद पडलेल्या भातखाचरात गवत खाण्यासाठी चार शेळ्या आणि एक बोकड बांधलेले आहेत. रोज सकाळी ते माझ्याकडे पाहतात आणि मी त्यांच्याकडे पाहतो. मालक म्हातारे गृहस्थ आहेत आणि सज्जन आहेत. त्यांच्याकडून एक विकत घेता येईल का? माझे वडील घरी बोकड कापत असत, त्यामुळे मला ते जमेल.

हिरोशिमाची_सून
कृपया असे काहीही करू नका. १९५३ च्या कायद्यानुसार गाय, घोडा, डुक्कर, मेंढी आणि बकरी हे पाच प्राणी खाण्यासाठी कापायचे असतील, तर अगदी मोजके अपवाद सोडता, ते मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापावे लागतात. शिवाय त्या गृहस्थांनी शेळ्या गवत कमी करण्यासाठी पाळलेल्या असणार, आणि बहुधा त्यांना नावेही ठेवलेली असणार. आपण विचारले, तर पुढची पाच वर्षे गावात आपली ओळख तीच राहील.

आखाडी_रस्सा
मग भारतातून मागवा. आमच्या घरून मटणाचे लोणचे आणि सुके मटण नेहमी दुबईला जाते, कोणीही अडवत नाही.

हिरोशिमाची_सून
जपानमध्ये अडवतात. मांस आणि मांसाचे पदार्थ, शिजवलेले असोत वा वाळवलेले, लोणचे असो वा डब्यातील खिमा, निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी तपासणीच्या दाखल्याशिवाय आणता येत नाहीत, आणि घरगुती डब्याला तो दाखला मिळत नाही. टपालाने पाठवले तरी नियम तोच आहे. २०२० साली शिक्षाही वाढवली. व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीस लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. विमानतळावर सामान हुंगणारे कुत्रे असतात. दुबईचा अनुभव येथे लागू करू नये, ही नम्र विनंती.

आखाडी_रस्सा
मी मदत करण्याच्या हेतूने लिहिले होते. एवढे रागावण्याचे कारण नव्हते.

माळावरची_चूल
डोंगरवाट, एक विचारू का? रविवारच्या आतच हवे, नळ्याच हव्यात, कोंबडी चालणार नाही आणि पर्यायी पाककृतीही नको, असे का? पाहुणे येणार आहेत का? कारण कळले तर सल्ला नेमका देता येईल.

डोंगरवाट
पत्नी बाळंत होऊन बावीस दिवस झाले आहेत. सासूबाई कराडहून मदतीला आल्या आहेत. नळ्यांचे अळणी पाणी मिळाल्याशिवाय बाळंतिणीच्या अंगात ताकद येणार नाही, असे त्यांचे ठाम मत आहे, आणि रोज संध्याकाळी मी रिकाम्या हाताने परतलो की त्या काहीच बोलत नाहीत. त्यांनी बोलावे असे मला वाटते. आमच्या घरात गाय आणि डुक्कर येत नाही, हेही येथेच लिहून ठेवतो.

माळावरची_चूल
हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर निम्मा वाद टळला असता. अभिनंदन. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?

डोंगरवाट
दोघीही बऱ्या आहेत. मुलगी झाली.

पाटावरवंटा
अभिनंदन. बाळंतिणीला मटणापेक्षा अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा द्यावी. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मी मांसाला हात लावला नाही आणि माझी मुले आज उत्तम आहेत. अळीव कुंडीतही उगवतो.

डोंगरवाट
अळीव आणि डिंक सासूबाईंनी सोबत आणलेला आहे. प्रश्न मटणाचा आहे.

हिरोशिमाची_सून
आता नीट सांगते. आपल्यासमोर दोन मार्ग आहेत. हिगाशी-हिरोशिमा येथे विद्यापीठामुळे दक्षिण आशियातील बरेच विद्यार्थी राहतात, तेथे मशीद आहे आणि हलाल मांसाची दुकानेही आहेत. आपल्या भागातून गाडीने दीड-दोन तास लागतील, पण घाटात बर्फ असेल तर जाऊ नये. दुसरा मार्ग अधिक सोयीचा आहे. हलाल दुकाने घरबसल्या मागणी घेतात आणि गोठवलेले मांस कूल ताक्क्युबिनने, म्हणजे उणे पंधरा अंश किंवा त्याहून थंड ठेवून, दारात पोहोचवतात. बुधवारी मागणी नोंदवली तर शुक्रवारी किंवा शनिवारी मिळायला हरकत नाही. पोहोचण्याची वेळ निवडता येते, संध्याकाळची निवडावी.
तेथे ‘मटन’ लिहिले असेल तर ती मोठी मेंढी आहे असे समजावे. तिला उग्र वास असतो आणि बाळंतिणीला अळणी दिले तर तो लपणार नाही. बकरी हवी असेल तर ‘यागी’ किंवा ‘गोट’ असे लिहिलेले, हाडासकट कापलेले पाकीट घ्यावे. नेपाळी दुकान असेल तर ‘खसी’ म्हटले की लगेच समजते. मला किलोला दीड ते दोन हजार येन पडतात.

नाबेमोनो
वरील उत्तरात एक भर. बकरीच्या कापलेल्या पाकिटात नळ्या किती निघतील ते नशिबावर असते. मला एकदा किलोभर मांसात एकच मिळाली होती. नळीच हवी असेल तर त्याच मागणीत ‘लॅम शँक’ घ्यावा. जपानीत त्याला ‘होनेत्सुकी सुने’ म्हणतात. कोकराच्या पायाचा गुडघ्याखालचा भाग, भरपूर मांस आणि मधोमध मगज असलेली नळी. कोवळ्या मेंढीचा असल्यामुळे वास बेताचा असतो. तो अखंड येतो. गोठवलेला पाय घरच्या सुरीने तोडण्याचा प्रयत्न करू नये. अखंडच प्रेशर कुकरमध्ये शिजवावा आणि नंतर नळी ताटावर आपटून मगज काढावा.

ओकिनावावासी
ओकिनावात या कशाचीच गरज पडत नाही. येथे बकरीला ‘हिजा’ म्हणतात, तिचे कातडीसकट केलेले सूप पूर्वापार चालत आले आहे, आणि नवे घर बांधून झाले की ते करतात. वरून दवण्यासारखी उग्र पाने घालतात. आपण ओकिनावाला या, पोटभर बकरी खाऊ घालतो.

डोंगरवाट
बावीस दिवसांची मुलगी घेऊन विमानाने बकरी खायला येणे सध्या शक्य नाही, तरी निमंत्रणाबद्दल आभार.

गावरान_कोंबडा
रविवारपर्यंत पार्सल आलेच नाही तर काय कराल? म्हणून सांगतो, ‘तोरिगारा’ म्हणजे कोंबडीचा सांगाडा मिळतो का पाहा. अगदी स्वस्त असतो. आले, लसूण आणि मिरे घालून दोन तास मंद आचेवर ठेवला की उत्तम पाणी निघते.

माळावरची_चूल
हे मात्र मान्य. फक्त खिमा घेताना ‘आइबिकी’ लिहिलेले पाकीट टाळावे. त्यात गाय आणि डुक्कर एकत्र केलेले असते. आपल्या घरातील नियम पाहता हे सांगणे आवश्यक वाटले.

डोंगरवाट (तीन दिवसांनंतर)
सर्वांचे आभार. बकरीचे दोन किलो आणि चार शँक मागवले, शुक्रवारी संध्याकाळी आले. सासूबाईंनी पाकीट उलटेपालटे करून पाहिले आणि “ह्ये बोकाड दिसत न्हाई” एवढेच म्हणाल्या. शँकचे अळणी पाणी मात्र पत्नी दोन वाट्या प्यायली. नळ्या आपटण्याचा आवाज ऐकून शेळ्यांचे मालक चौकशी करायला आले, आणि जाताना कागदात गुंडाळलेले रानडुकराचे मांस देऊन गेले. आमच्या भागात त्याला ‘यामाकुजिरा’, म्हणजे डोंगरातील देवमासा, असे म्हणतात. नाही म्हणणे जिवावर आले. हे मांस कसे शिजवायचे, की कोणाला देऊन टाकू? आणि बकरीच्या रश्शाच्या तळाशी वाळूसारखे काहीतरी लागते आहे, ते काय असावे?

हिरोशिमाची_सून
ती वाळू नाही, हाडाचा भुसा आहे. गोठवलेली बकरी करवतीच्या यंत्रावर कापतात आणि तो भुसा प्रत्येक तुकड्याला चिकटून येतो. उरलेले पाकीट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून उतरू द्यावे, मग भरपूर पाण्यात तीन-चार वेळा चोळून धुवावे, आणि अळणी पाणी देण्याआधी सुती फडक्यातून गाळून घ्यावे. बाळंतिणीच्या वाटीत तो जाऊ देऊ नये.
रानडुकराचे मांस घरात येणार नसेल तर कामावरच्या एखाद्या सहकाऱ्याला द्यावे, पण मालकांना तसे कळू नये याची काळजी घ्यावी. खाणार असाल तर आतपर्यंत पूर्ण शिजवावे. मध्यभागी ७५ अंशांवर किमान एक मिनिट, असा येथील सरकारी नियम आहे, कारण त्यातून यकृतशोथ ई होण्याची भीती असते.

डोंगरवाट
सहकाऱ्याला दिले. तो हिवाळाभर याचीच वाट पाहतो म्हणाला. उरलेली बकरी आता पाण्यात आहे, आणि सासूबाई तिसऱ्यांदा पाणी बदलत आहेत.