मागच्या अंगणातला गुलमोहर घराकडे कललाय: छाटणी पुरेल की काढावाच लागेल?

सहकारनगर_परसदार
बंगल्याच्या मागच्या भिंतीपासून साडेचार मीटरवर गुलमोहर आहे. उंची अंदाजे 11 मीटर, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर 190 सेंमी. थोडा कल पहिल्यापासून घराकडेच. जानेवारीत ड्रेनेजची लाइन बदलताना कंपाउंडच्या बाजूने चर खणला गेला, खोडापासून 1.2 मीटरवर आणि 80 सेंमी खोल. त्यात मनगटाएवढी तीन मुळं तुटली. आता बुंध्याशी तपकिरी, लाकडासारख्या कडक छत्र्या दिसतायत. पालवी मात्र छान फुटली आहे. घराकडच्या फांद्या उतरवल्या तर हा पावसाळा निघेल का?

मूळ_आणि_माती
पालवीवर जाऊ नका. पाणी वर नेणारा लाकडाचा बाहेरचा थर जिवंत असेपर्यंत झाड हिरवं दिसतं; कुजतं ते आतलं, भार पेलणारं लाकूड. बुंध्याशी कडक छत्र्या येणं म्हणजे बुरशी आत बऱ्याच काळापासून आहे. छत्री काढून टाकल्याने काही साधत नाही.

जास्त काळजी मुळांची वाटते. 190 सेंमी घेर म्हणजे साधारण 60 सेंमी व्यास. व्यासाच्या तिप्पट अंतरात, म्हणजे तुमच्याकडे 1.8 मीटरच्या आत, झाडाला उभं धरणारी जाड मुळं असतात. चर त्याच्याही आत गेलाय. शिवाय चुकीच्या बाजूने गेलाय. घराकडे कललेल्या झाडाला मागे ओढून धरतात ती कलाच्या विरुद्ध बाजूची मुळं, आणि नेमकी तीच तुटली आहेत. पुण्यात बऱ्याच जागी दोन-चार फुटांवर मुरूम किंवा काळा दगड लागतो. मग मुळं खोल न जाता आडवीच पसरतात, त्यामुळे तुटलेल्यांची जागा घेणारं खाली काही नसतं.

तीन गोष्टी बघून कळवा:
कंपाउंडच्या बाजूला जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग आहे का, किंवा माती उचलल्यासारखी दिसते का?
लाकडी मोगरीने बुंध्याभोवती वीतभर अंतराने ठोकून बघा. टणक आवाज येतो की ढबढब?
वारा असताना बुंध्याजवळ उभं न राहता लांबून बघा, खोडाबरोबर माती हलते का?

फांदीवाला_कोथरूड
छाटणी सरसकट निरुपयोगी नाही. मुळं शाबूत असतील तर टोकाकडचा भार कमी केल्याने वाऱ्याचा जोर खरंच कमी होतो. मात्र एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पर्णभार काढू नये आणि शेंडा तर मुळीच कापू नये. शेंडा कापलेल्या जागी फुटणारे धुमारे सालीलगतच चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते जड होतात आणि वळवाच्या वाऱ्यात बुडापासून निखळतात.

फक्त घराकडच्या फांद्या काढण्याला माझा विरोध आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, जखम भरायला वेळ लागतो आणि मोठ्या कापातून कूज थेट खोडात उतरते. कापावर डांबर किंवा रंग लावूनही ती थांबत नाही.

सहकारनगर_परसदार
भेग आहे. दीड मीटर लांब, बोट जाईल एवढी रुंद. छत्र्यांच्या बाजूला ढबढब आवाज येतो, तिथे स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. एका जागी 15 सेंमी.

मूळ_आणि_माती
मग काढा. पोकळ खोडासाठी ढोबळ कसोटी अशी की भोवतीचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तरी हवं. तुमच्याकडे म्हणजे 10 सेंमी. बाहेरूनच 15 सेंमी मऊ लागलं, तर त्या बाजूला ते शिल्लक नाही. पण खोड ठणठणीत असतं तरीही या भेगेवरून मी हेच सांगितलं असतं. भेग म्हणजे मुळांचा गड्डा उचलला जाऊ लागलाय. जुलैत माती आठवडाभर भिजली की असं झाड वारा नसतानाही आडवं होतं.

अर्ज_आणि_परवानगी
स्वतःच्या आवारातलं असलं तरी परस्पर तोडू नका. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मोठी छाटणीसुद्धा त्यात मोडते. अर्जासोबत मालकीचा कागद आणि फोटो जोडा. भेगेचा फोटो पट्टी ठेवून, छत्र्यांचा जवळून आणि एक असा की झाड व घर एकाच चौकटीत येतील. ‘झाड धोकादायक आहे’ एवढंच न लिहिता चराचं अंतर, खोली आणि तुटलेली मुळं लिहा. पाहणीला येणाऱ्याला मातीत झाकलेला चर दिसत नाही. झाडावर नोटीस लागते, हरकतींसाठी वेळ जातो, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या.

मध्येच झाड आणखी झुकलं आणि जिवाला तातडीचा धोका दिसला, तर आधी तोडून 24 तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद कायद्यात आहे. तेव्हाचे फोटो आणि व्हिडिओ जपून ठेवा.

फांदीवाला_कोथरूड
कापणाऱ्याला पहिली अट घाला: या झाडावर माणूस चढणार नाही. गड्डा सुटलेल्या झाडाला सेफ्टी बेल्ट बांधणं म्हणजे पडणाऱ्या वस्तूला स्वतःला बांधून घेणं. गल्लीतून क्रेन किंवा हायड्रॉलिक शिडी आत येते का ते आधी मोजा. काम सुरू करण्यापूर्वी दोन-तृतीयांश उंचीवर दोर बांधून झाड घराच्या विरुद्ध दिशेला ताणून ठेवा. दोराचं दुसरं टोक कंपाउंडच्या भिंतीला अजिबात नको, भिंतच येईल.

नंतर वरून खाली, तुकड्यातुकड्याने. 30 सेंमी जाडीचा मीटरभर ओला ओंडका पन्नास किलोच्या पुढे भरतो, त्यामुळे प्रत्येक तुकडा दोराने उतरवायचा. जाड फांदीला आधी खालून तिसरा हिस्सा काप, मग थोडं बाहेरून वरचा काप. नाहीतर फांदी चिरत खोडापर्यंत येते आणि करवत अडकते. सर्व्हिस वायर जवळ असेल तर महावितरणच्या 1912 वर बोलून त्या दिवशी पुरवठा बंद करून घ्या. कापण्याआधी घरटी बघा, या दिवसांत कावळ्यांची असतात.

मूळ_आणि_माती
एक राहिलं. भेगेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोका आणि त्यांच्यातलं अंतर रोज सकाळी मोजून लिहा. सेंटिमीटरभर जरी वाढलं तरी परवानगीची वाट न बघता अग्निशमन दलाला 101 वर कळवा. आणि झाड उतरेपर्यंत मागच्या खोलीत कोणीही झोपू नका. वळीव बऱ्याचदा संध्याकाळनंतर येतो.