आत्याचं मत, भावजींचा पासपोर्ट आणि आबांची अंडी

आमच्या घरच्या ग्रुपवर रविवारी, १४ सप्टेंबर २०२५ ला, ब्रेक्झिटवरून (म्हणजे २०१६ च्या मतदानानं ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्यावरून) चांगलीच जुंपली. बऱ्याच जणांनी 'काय झालं ते टाक की' म्हटलं म्हणून नावं काढून, नाती तेवढी ठेवून इथं चिकटवतेय. गुड मॉर्निंगची फुलं आणि अंगठे गाळलेत. ओळखीपुरतं सांगते: काका कोल्हापुरात, बँकेतून निवृत्त. आत्या १९८४ ला लग्न होऊन लेस्टरला गेली ती तिथलीच झाली. दादा २०२२ पासून स्लावला, आयटीत. वहिनी तिथंच हॉस्पिटलात नर्स. भावजी मूळचे म्हापशाचे, राहतात स्विंडनला (ही तिन्ही गावं इंग्लंडातली). छोटूला २०२६ ला मास्टर्सला तिकडं जायचंय. आबा एक्क्याण्णव वर्षांचे, टाइप करत नाहीत, व्हॉइस नोट सोडतात. मी पुण्यात, ॲडमिन (हौसेनं नाही, गळ्यात पडलंय).

काका, ७.१२: (लंडनमधल्या स्थलांतरविरोधी मोर्चाचा व्हिडिओ, झेंडेच झेंडे) शुभ सकाळ. काल लंडनमध्ये लाखभर माणूस रस्त्यावर उतरला. देश जागा झाला की असं होतं. ब्रेक्झिट केलं तेच बरोबर होतं. पूर्ण बघा, मग बोला.

छोटू: काका, १४ मिनिटांचा आहे ओ.

दादा, ७.५०: आम्ही काल पोराला घेऊन लंडनला म्युझियम बघायला जाणार होतो. ही म्हणाली, आज नको. गेलो नाही. एवढाच माझा रिपोर्ट.

काका: तुझा काय संबंध? तू कायदेशीर गेलायस, टॅक्स भरतोस. ते बोटीवाल्यांच्या विरोधात आहे. हे वाच.

(इथं काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. फ्रान्सहून रबरी होडीतून येणाऱ्या प्रत्येकाला घर, मोबाइल आणि आठवड्याला चारशे पौंड मिळतात म्हणे. शेवटी 'दहा जणांना पाठवा'.)

दादा: ४९ पौंड १८ पेन्स. आठवड्याला. हॉटेलात ठेवलं आणि जेवण दिलं तर दहाच्याही आत. आणि काम करायला बंदी. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायला वर्ष उलटलं तर कुठं परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांची. तुमच्या फॉरवर्डमध्ये चारशे कुठनं आले?

काका: आलाय तसा पाठवलाय.

वहिनी: काका, रात्रपाळी करून आत्ता आले. गेल्या वर्षी साउथपोर्टला तीन लहान मुली मारल्या गेल्या, तेव्हा असाच फॉरवर्ड फिरला होता, की मारेकरी बोटीतनं आलेला आहे म्हणून. पोरगा कार्डिफला जन्मलेला निघाला. तरी लोकांनी रॉदरहॅमचं, आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेलं हॉटेल पेटवायला घेतलं, आत माणसं असताना. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या केरळच्या दोघी घरी जाताना टॅक्सी करायच्या. एरवी चालत दहा मिनिटं.

(यावर काका पाऊण तास गप्प. मला वाटलं संपलं.)

काका, ८.४५: हिंसा चूक. ते मी कधीच बरोबर म्हणणार नाही. पण प्रश्न खरा आहे की नाही? माणसं येतायत की नाही?

दादा: येतायत. पण गंमत बघा. २०१६ ला मत दिलं तेव्हा होड्यांचा प्रश्नच नव्हता. २०१८ च्या अख्ख्या वर्षात होडीतनं तीनशेच्या आत माणसं आली. २०२४ ला छत्तीस हजारांवर. युरोपात असताना डब्लिनचा नियम होता, ज्या देशात पहिली नोंद झाली तिकडं परत धाडायची सोय होती. धाडायचे थोडेच, पण कागद तरी होता. ब्रेक्झिटबरोबर तोही गेला. मग रवांडाला पाठवायचं ठरवलं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२३ ला बेकायदा ठरवलं. आता परत फ्रान्सशीच करार केलाय, जुलैत.

दादा: आणि सगळे धरून बघितलं तर २०१५ ला येणारे वजा जाणारे साधारण सव्वातीन लाख होते. 'ताबा परत घ्या' म्हणत बाहेर पडले, आणि जून २०२३ पर्यंतच्या वर्षात तोच आकडा नऊ लाखांवर गेला. युरोपातले कमी झाले, आपले वाढले. त्यात मी एक, ही एक.

आत्या, ९.२०: बास की रे आता. सकाळी सकाळी सगळे इंग्लंडवर बोलायलाईत आणि इंग्लंडात एकेचाळीस वर्षं राहिलेल्या बाईला कोण विचारत नाही.

छोटू: आत्या, तू कशाला मत दिलं होतंस?

आत्या: बाहेर पडायला.

(दोन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. 'टायपिंग' मात्र चार जणांचं दिसत होतं.)

दादा: आत्या!!! सिरियसली?

आत्या: का? लेस्टर अर्धंअर्धंच होतं, राहू म्हणणारे ५१ टक्के. तुझ्या स्लावनं तर बाहेरलाच दिलं. तिथं काय सगळे गोरे राहतात काय? ऐक. तुझ्या आईला, माझ्या सख्ख्या वहिनीला, माझ्या लेकीच्या लग्नाला यायचं होतं. व्हिसा नाकारला. बँकेत पैसे किती, परत जाणार कशावरून. अण्णांनी (म्हणजे काकांनी) बँकेचं पत्र दिलं तरी नाही. आणि त्याच वर्षी माझ्या गल्लीत पोलंडची पाच घरं आली, विमानातनं उतरून सरळ. त्यांचा राग नव्हता रे, पोरं कष्टाळू. पण मी म्हटलं, ही कुठली रीत? ज्यांनी दीडशे वर्षं आमच्यावर राज्य केलं त्यांच्या दारात आम्ही रांगेत, आणि हे आत.

आत्या: वर तेव्हाची मंत्री प्रीती पटेल सांगायची, युरोपातनं बाहेर पडलो की आपल्याकडचे आचारी आणता येतील, करी हाउसं वाचतील. आमच्या आतोबांच्या मित्राचं हॉटेल होतं, तो तर घरोघर फिरला. आचारी काही आला नाही. हॉटेलात आता नखांचं दुकान आहे.

वहिनी: नखांचं?

आत्या: नेलपॉलिश लावतात ते गं.

मी: आणि प्रचाराच्या बसवर लिहिलेले साडेतीनशे मिलियन पौंड? दर आठवड्याला दवाखान्यांना देणार होते ते?

आत्या: ते आतोबांनी खरं धरलं होतं. मी नाही. गिरणीत काम केलंय मी, एवढा पैसा गोल आकड्यात कोण देत नाही.

भावजी, १०.०५: बरें आसा? आत्ता उठलो. आत्याबाई, तुम्ही मत दिलंत ते तुमच्याजवळ पासपोर्ट ब्रिटिश म्हणून. पण एक सांगू? तेव्हा माझ्या खोलीत सोलापूरचा एक पोरगा राहायचा, येऊन दीड वर्ष झालेलं, भारतीय पासपोर्ट. त्याला मत होतं. मला नव्हतं.

छोटू: म्हणजे? तुम्ही तर युरोपियन.

भावजी: म्हणूनच. कॉमनवेल्थवाल्यांना मत, युरोपवाल्यांना नाही. आयरिश, माल्टा आणि सायप्रसवाले सोडून. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्याला पोर्तुगालची नॅशनॅलिटी मागता येते, त्याच्या पोरांना, नातवांना पण. माझ्या बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग माझा. भारताचा पासपोर्ट परत केला. रडलो त्या दिवशी, आईला नाही सांगितलं. लिस्बन अजून एकदाच बघितलंय, दोन दिवस. तिथून थेट स्विंडन, तिथं अर्धं म्हापसा-मडगाव भेटतं. आणि मग स्विंडननंच 'बाहेर' म्हणून कौल दिला. जो कागद करण्यासाठी देश सोडला, त्याच कागदामुळं मत नाही, आणि मत कशाबद्दल तर त्याच कागदाबद्दल.

(यावर मी नुसता नमस्काराचा हात टाकला. दुसरं सुचलं नाही.)

काका: पण जावईबापू, तुम्हाला काढलं तर नाही ना?

भावजी: नाही काढलं. ३० जून २०२१ च्या आत अर्ज करायचा होता, केला, सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालं. पण हातात काही नाही, सगळं ऑनलाइन. घर भाड्यानं घ्यायचं तर कोड काढून द्यायचा. घरमालकीण म्हातारी, तिला कोड कळत नाही, कार्ड दाखव म्हणते. कार्डच नाही.

काका: मुद्दा अर्थव्यवस्थेचा घ्या. बुडेल बुडेल म्हणत होते. बुडालं? मी तेव्हा बँकेत होतो. पौंड शंभराच्या आसपास होता, आज ११९ आहे. गणित सांगा.

दादा: काका, तुम्ही बँकेत होता म्हणून सांगतो, रागावू नका. तो पौंड नाही चढला, रुपया उतरला. तेव्हा डॉलर ६७ ला होता, आज ८८ ला. पौंड डॉलरमध्ये मोजा. निकालाच्या रात्री दीड डॉलरवरून १.३३ वर आपटला, आज १.३५. नऊ वर्षांत तिथल्या तिथं. रुपयात बघायचं तर २०१६ संपेस्तोवर ८५ च्या खाली आलाच होता.

काका: हम्म.

(काकांचा 'हम्म' म्हणजे हार नव्हे, चहा.)

दादा: त्यांच्याच सरकारी अंदाजखात्याचं म्हणणं आहे, की युरोपात राहिले असते त्यापेक्षा उत्पादकता पुढंमागं चार टक्क्यांनी कमी राहणार. 'बुडणं' असं नसतं. भिंतीला ओल यावी तसं असतं, रोज दिसत नाही.

काका: अंदाजच ना? आणि कोविड? युक्रेन? ती पंतप्रधान झालेली लिझ ट्रस? सगळं ब्रेक्झिटच्याच नावावर?

भावजी: हे बाकी काकांचं बरोबर. आमच्याकडे होंडाचा कारखाना जुलै २०२१ ला बंद झाला, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणाली ब्रेक्झिटचा संबंध नाही, इलेक्ट्रिक गाड्यांचं कारण. आता खरं काय ते कोण सांगणार? पण त्याच सप्टेंबरात पेट्रोलला रांगा लागल्या, ट्रक चालवायला माणूस नाही म्हणून. पोलंड-रोमानियाचे ड्रायव्हर निघून गेलेले. शेवटी टँकरवर लष्कराची पोरं बसवली. माझ्या गोदामात तेव्हा तासाला दोन पौंड वाढवून दिले. ते पण खरं. आम्हाला बरं गेलं ते वर्ष.

काका: बघा! मजुरी वाढली. आणि जुलैत भारताशी करार झाला, तो युरोपात असते तर झाला असता काय? लागू झाला की कोल्हापुरी चपलेवर तिकडं शून्य कर. स्कॉचवरचा आपला १५० वरून ७५ वर.

छोटू: चप्पल आधी लिहिली पण आठवलं स्कॉचवरनं 😂

काका: तू अभ्यास कर.

छोटू: त्याचंच विचारायचंय. दादा, मी यायचं का नको? दीड वर्षाचं कर्ज काढून?

दादा: शिकायला ये. तिथंच राहीन हे डोक्यात धरून येऊ नको. मी आलो तेव्हा पाच वर्षांत कायमचं राहता येईल म्हणून सांगितलं होतं. २०२७ ला माझी पाच होतात. आता मे महिन्यात सरकार म्हणालं, दहा करू. सामना सुरू असताना बाउंड्री मागं सरकवल्यासारखं. आणि हे ब्रेक्झिटवालं सरकार नव्हे हां, मजूर पक्ष.

आत्या: तू आता बोलायलाईस तेच आमच्या शेजारचे बापूजी बोलतात. ७२ साली युगांडाच्या इदी अमीननं देश सोडायला नव्वद दिवस दिले, तेव्हा कंपालाहून आले. पन्नास पौंड आणि एक सुटकेस. त्या वेळी लेस्टर कौन्सिलनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती, इकडं येऊ नका, जागा नाही. त्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून दुकानात लावलंय. बघायला लोक येतात. आणि तेच बापूजी गल्ल्यावर बसून मला सांगतात, बेन, हे होडीवाले फार झाले.

वहिनी: तुम्ही काय म्हणता मग?

आत्या: मी म्हणते कात्रणाखाली उभं राहून बोला, फोटो काढते.

काका, १२.३०: तुम्ही सगळे तिकडचे एक झालात. एक विचारतो. आपल्याकडं कुणी असं आलं असतं, हजारोंनी, दुसऱ्या भाषेचं, दुसऱ्या धर्माचं, तर आपण घेतलं असतं का? प्रामाणिक सांगा.

(मी उत्तर लिहीत होते, तेवढ्यात आबांची व्हॉइस नोट आली. तीन मिनिटांची. पहिली चाळीस सेकंदं नुसता पंखा. उरलेली जशीच्या तशी उतरवली.)

आबा: हॅलो... चालू झालं का रं?... हां. तुमचं मघापास्नं ही पोरगी वाचून दाखवायलीय. अण्णा, तू विचारलास, घेतलं असतं का. अरं घेतलं की. वळिवड्याला (कोल्हापूरजवळ). मी नऊ-दहा वर्सांचा हुतो. युद्ध चाललेलं. पोलंडची माणसं आली, पाच हजार, बायका आणि पोरंच जास्त. रशियानं कुठं थंडीत नेऊन टाकलेली, तिथनं इराण, इराणातनं हितं. बराकी बांधल्या, शाळा, त्यांचं चर्च. माझा बाप अंडी पोचवायचा कॅम्पात, सायकलीवरनं. मी मागं बसून टोपली धरायचा. फुटलं की थोबाडीत. पाच वर्सं हुती ती. ४८ ला गेली. मग त्याच बराकीत सिंधी आले. आता तू ज्या गांधीनगरला लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलतास, ते कुठलं काय वाटलं तुला? त्योच कॅम्प.

काका: आबा, ते वेगळं. ते ब्रिटिशांनी आणि दरबारानं आणलेले, खर्च पोलंडच्या सरकारनं दिला. आणि ते गेले शेवटी, राहिले नाहीत.

दादा: गेले कुठं ते बघा काका. बरेच जण इंग्लंडलाच आले. पोलिश लोकांना राहू द्यायचा कायदाच केला होता, १९४७ ला.

आत्या: म्हणजे माझ्या गल्लीत आले त्यांच्यात वळिवड्याचं कुणी असेल?

दादा: ते वेगळे गं, २००४ नंतरचे.

आत्या: आबा, तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलं नाही.

आबा: कोण विचारलं नाही. अंडी मोजून घ्यायची एक बाई, उंच. ती मोजायची तसं मी पण मोजायला शिकलो. येदेन, द्वा, त्शी.

आत्या: थांबा. हे तुम्ही जिना उतरताना म्हणता! लहानपणापासून ऐकलंय. मला वाटायचं कानडी आहे.

काका: मलाही कानडीच वाटायचं.

छोटू: आबा, पुढचं? चार?

आबा: तीनच येतं. ती तीन-तीन उचलायची.

आत्या: च्तेरी. कोपऱ्यावरच्या दुकानातली पोलिश पोरगी सुट्टे परत देताना म्हणते.