मदत हवी आहे: हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर आवाज आणि एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) एकमेकांवर चढतात

नमस्कार मंडळी,

साताऱ्याजवळून बोलतोय. घरावर साधा डायपोल अँटेना आहे. सकाळी आमचा पाच-सहा जणांचा मराठी गप्पांचा गट ७.०७७ मेगाहर्ट्झवर एलएसबीत (लोअर साइडबँड, म्हणजे डायलच्या आकड्याच्या खालची बाजू) भरतो. दोन सदस्य सत्तरीपुढचे आहेत, त्यांचा दिवसच यावर सुरू होतो. हल्ली मात्र आवाजाखाली सतत शिट्ट्यांसारखा सूर असतो.

हिशेब केल्यावर कारण कळलं. एफटी८वाले डायल ७.०७४वर, यूएसबीत (अपर साइडबँड, डायलच्या वरची बाजू) ठेवतात, म्हणजे त्यांचे सिग्नल साधारण ७.०७७पर्यंत पसरतात. आम्ही एलएसबीत, म्हणजे आमचा आवाज डायलच्या खाली, नेमका त्यांच्याच अंगावर. त्यांचा एक सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झचा, आमचा अडीच किलोहर्ट्झच्या वर. त्यामुळे आमचं एक वाक्य त्यांचे कितीतरी संपर्क बुडवत असणार. हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे ४० मीटरला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढीच जागा, ती सगळ्यांचीच आहे.

ज्येष्ठांचं म्हणणं, "आम्ही वीस वर्षं इथेच आहोत." त्यांना न दुखवता गट हलवायचाय. ७.०८५च्या वर जावं का, की तिथेही एखादा नेट (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणारा गट) नेहमी असतो? आणि जे एफटी८ करतात त्यांना विचारायचंय: पाठवायला सुरुवात करण्याआधी तुम्ही स्पीकर चालू ठेवून ऐकता का, की फक्त वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारं पडद्यावरचं चित्र) बघता? त्यात आमचा आवाज ओळखू येतो का?

अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा. ७३ (शुभेच्छा).