हिट व्यायामातील कॅलरी मोजण्यासाठी काय घ्यावे? बजेट ४ हजार

पहाटवारा : नमस्कार. मी घरीच २० मिनिटे हिट व्यायाम (थोडा वेळ जोरकस श्रम, मग थोडी विश्रांती, असे आलटून पालटून) करते. ४० सेकंद बर्पी (खाली वाकून हात टेकणे, पाय मागे टाकणे आणि उठून उडी मारणे) किंवा जागच्या जागी धावणे आणि २० सेकंद विश्रांती. वजन ६८ किलो. मनगटावरचा बँड प्रत्येक वेळी ३४० च्या आसपास कॅलरी दाखवतो आणि तो आकडा धरून मी रात्रीचे जेवण ठरवते. पण वजन तसूभरही हललेले नाही. ४ हजारांत भरवशाचे काही मिळेल का?

गडवाट : मी गार्मिनचे ३० हजारांच्या पुढचे घड्याळ घेतले असून अत्यंत समाधानी आहे. सिंहगडाच्या चढणीची प्रत्येक नोंद त्यात मिळते. बजेट वाढवा, चांगली वस्तू एकदाच घ्यावी.

मंदगती : किंमत वाढवून हा प्रश्न सुटत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा हृदयगती बहुतेकांनी बरोबर दिली, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत सरस उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, आणि तीही चालणे, धावणे, सायकल अशा एका लयीतल्या व्यायामांत. हिटमध्ये हृदयगती श्रमांच्या मागून चढते व विश्रांतीतही चढीच राहते, त्यामुळे उपकरण विश्रांतीलाही श्रम समजते.

गडवाट : माझ्या घड्याळाचा अनुभव असा नाही.

तालीमवाला : व्यायामानंतरही शरीर जास्त प्राणवायू वापरत राहते, ते बँड मोजत नाही. म्हणजे ३४० हा आकडा कमीच असेल. शिवाय ४०-२० च्या या प्रकाराला लोक सर्रास तबाता म्हणतात, ते चूक आहे. जपानी संशोधक तबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगात २० सेकंद श्रम आणि १० सेकंद विश्रांती होती.

मंदगती : तबाता हा शब्द इथे कोणीच वापरलेला नाही. नंतरचा खर्च खरा आहे, पण तो व्यायामातील खर्चाचा लहानसा हिस्सा असतो.

सायकलस्वार : छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे बर्पीत मनगट वाकले तरी बिघडत नाही. मी पोलारचा वापरतो.

निंबोणी : पट्ट्याने हृदयगती सुधारेल, कॅलरी मात्र अंदाजच राहतील. त्यापेक्षा मेट हे श्रमांची तीव्रता मोजण्याचे एकक वापरा : १ मेट म्हणजे दर किलोमागे ताशी सुमारे १ कॅलरी. विश्रांती धरून जोरकस व्यायामाची सरासरी ८ मेट मानली, तर ८ × ६८ × २०/६० म्हणजे साधारण १८० कॅलरी. त्यातील २०-२५ तर नुसते बसूनही खर्च झाल्या असत्या. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयगती कमी करणारी गोळी) घेत असाल, तर हृदयगतीवरचा कोणताही हिशोब फसतो.

कोकणकडा : मीही छातीचा पट्टाच सुचवेन. घड्याळही चांगले.

पहाटवारा : सर्वांचे आभार. रक्तदाबाची गोळी चालू नाही. पट्टा आणि घड्याळ दोन्ही न घेता मी स्वयंपाकघरासाठी डिजिटल वजनकाटा मागवला आहे. १८० कॅलरी तर २० ग्रॅम तेलातच असतात, आणि तेल मी आजवर अंदाजानेच ओतत आले. व्यायामाच्या कॅलरी यापुढे जेवणात मिळवणार नाही.

गडवाट : काट्यावर हृदयगती कळत नाही. दिवाळीतील सवलतीपर्यंत थांबा.

निंबोणी : भांडे ठेवून शून्य करता येते ना, ते पाहून घ्या. कढई काट्यावर ठेवूनच तेल ओता.