'भ्याड हल्ला' म्हणतो, 'भित्रा हल्ला' का नाही?

(कोल्हापुरातल्या तिघांच्या गप्पा; नावांऐवजी त्यांच्या पेठा दिल्यात.)

राजारामपुरी: कॉलेजच्या अंकाची प्रुफं तपासतोय. एका लेखात 'भ्याड हल्ला' पाचदा आलाय. मरायच्या तयारीनंच आलेला माणूस भ्याड कसा? क्रूर म्हणा, नीच म्हणा.

मंगळवार पेठ: 'भित्रा हल्ला' म्हणून बघा, जमत नाही. दोन्ही शब्द भिण्यातलेच, पण भित्रा हा स्वभाव. अंधाराला घाबरणाऱ्या पोराला आपण लाडानंही भित्रा म्हणतो. भ्याड ही शिवी. ज्याला उलटा वार करता येत नाही त्याच्यावर हात टाकला, की ती लागू होते. मारणाऱ्याच्या पोटात भीती होती का, हे कोण बघत नाही.

राजारामपुरी: मग वस्तीवर वरून बॉम्ब टाकणाऱ्यालाही लावा की! तो आपल्या बाजूचा असला की लगेच 'कारवाई' होते.

शाहूपुरी: आपला 'माघार घेतो', समोरचा 'पळ काढतो'. आपल्याला वीरमरण, त्याला कंठस्नान. पन्हाळ्याचंच घ्या. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रातोरात विशाळगडाकडं निघाले. आपण त्याला सुटका म्हणतो. वेढा घालून बसलेले काय म्हणाले असतील? 'गनीम'ची तर गंमतच आहे. आपल्या बखरींत गनीम म्हणजे पलीकडचा शत्रू, आणि मोगलांच्या लेखी गनीम म्हणजे आपण. तरी 'गनिमी कावा' आपण अभिमानानं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात जपाननं एक आत्मघाती रॉकेट-विमान केलं. नाव 'ओका', म्हणजे चेरीचा फुलोरा. अमेरिकनांनी त्याला 'बाका' म्हणायला सुरुवात केली; जपानीत त्याचा अर्थ मूर्ख. मरायला निघालेल्याला भ्याड म्हणणं अवघड, मग वेड्यात काढलं.

मंगळवार पेठ: 'प्रचारा'चंही तेच. निवडणुकीत आपण खुशाल प्रचार करतो, विरोधकाचा तो अपप्रचार. १९३३ मध्ये नाझींनी मंत्रालयाच्या नावातच 'प्रोपगंडा' घातला, लाजले नाहीत. ब्रिटिशांनी १९३९ मध्ये त्याच कामासाठी मंत्रालय काढलं, त्याचं नाव 'माहिती'! मला तर दुसरं नाव जास्त बेरकी वाटतं.

राजारामपुरी: ते झालं. पण माझ्या प्रुफात 'भ्याड' ठेवू का उडवू?

मंगळवार पेठ: बाजारात, बसमध्ये, नि:शस्त्र माणसांवर झाला असेल तिथं ठेवा. लष्करी छावणीवरचा असेल तिथं नुसतं 'हल्ला' पुरे.

राजारामपुरी: म्हणजे पाचातले तीन उडाले. लेखक भांडायला येणार बघा.