क्रीडा वार्तांकनात राजकीय भाष्य असावे का?

प्रश्न: मंदप्रकाश

काही दिवसांपूर्वी एक कसोटी सामना पाहत असताना समालोचन कक्षात एका सरकारच्या धोरणावर चर्चा सुरू झाली. ती इतकी रंगली की दरम्यान पडलेला बळी नेमका कसा पडला, चेंडू आत वळला की सरळ गेला, हे कोणीच सांगितले नाही. गंमत म्हणजे त्या चर्चेतील मते मला पटणारी होती, तरीही मी चिडलो. दुसरीकडे, खेळपट्टी, दुखापती आणि संघनिवड यांपलीकडे एक अक्षरही न छापणारे क्रीडापान मला तितकेच अपुरे वाटते. खेळाच्या पत्रकाराने राजकारणावर बोलावे का, आणि बोलायचे असेल तर कोणत्या जागी, याबद्दल जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद: तिसरा पंच

राजकारण बाहेरून आणून खेळात मिसळणे आणि खेळाच्या आतच असलेले राजकारण सांगणे, या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरायला हव्यात.

ऑगस्ट १९६८ मध्ये बेसिल डॉलिव्हिएराने ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा केल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी निवडलेल्या इंग्लंडच्या संघातून त्याचे नाव गायब झाले. तो मूळचा केप टाउनचा. वर्णद्वेषी कायद्यांमुळे मायदेशाकडून खेळणे अशक्य असल्याने इंग्लंडला आलेला. निवड निव्वळ क्रिकेटच्या निकषांवर झाली आहे, असे सांगण्यात आले. आता त्या दिवशीच्या वार्ताहराने काय लिहायचे होते? ‘राजकारण माझा विषय नाही’ असे म्हणून त्याने निवड समितीचे स्पष्टीकरण जसेच्या तसे छापले असते, तर ते तटस्थ वार्तांकन ठरले नसते, ते अर्धवट वार्तांकन ठरले असते. पुढे टॉम कार्टराइटने दुखापतीमुळे माघार घेतल्यावर डॉलिव्हिएराला संघात घेतले गेले, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी असा संघ स्वीकारण्यास नकार दिला आणि दौराच रद्द झाला. धावफलकात न मावणारे कारण अखेर सर्वांसमोर आले.

१९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला येणार होता, तेव्हा जॉन अर्लट यांनी त्या सामन्यांचे समालोचन करणार नसल्याचे जाहीर केले. तो दौराही पुढे रद्द झाला. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, त्यांनी समालोचन करता करता भाषण दिले नाही. आपली भूमिका वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावाने मांडली. आपल्या प्रश्नातल्या ‘कोणत्या जागी’ला माझ्या मते हेच उत्तर आहे.

प्रतिसाद: आडवी बॅट

तिसरा पंच यांचे उदाहरण बिनतोड आहे, पण ते सोयीचेही आहे, कारण तिथे राजकारण थेट संघनिवडीत शिरले होते. रोजच्या व्यवहारात दिसते ते निराळेच. कर, निवडणुका, परराष्ट्र धोरण अशा विषयांवर माजी खेळाडू ठामपणे बोलतात आणि त्यांच्या शब्दाला वजन मिळते ते केवळ त्यांच्या शतकांमुळे. शिवाय लेख आवडला नाही तर वाचक पान उलटतो; थेट प्रक्षेपणात प्रेक्षकाला ती सोय नसते. आवाज बंद केला तर सामन्याचेही समालोचन जाते. म्हणून समालोचकाला स्तंभलेखकाइतकी मोकळीक नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद: राखीव खेळाडू

दोन्ही मतांत एक गोष्ट निसटते आहे. आपण राजकारण म्हणतो ते फक्त विरोधाच्या सुरातले. प्रेक्षागृहात बसलेल्या नेत्यावर कॅमेरा वारंवार स्थिरावतो, समालोचक त्याच्या क्रीडाप्रेमाचे गोडवे गातो, तेव्हा ‘खेळात राजकारण आणू नका’ अशी तक्रार सहसा कोणी करत नाही. नियम करायचाच असेल तर तो स्तुतीलाही लागू व्हावा.

आडवी बॅट यांना एक विचारावेसे वाटते. २००३ च्या विश्वचषकात हरारे येथे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडावर काळी फीत बांधून उतरले आणि झिम्बाब्वेतील लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक असल्याचे त्यांनी निवेदनात म्हटले. ती फीत पडद्यावर दिसत असताना समालोचकाने केवळ क्षेत्ररचनेबद्दल बोलावे का? म्युनिकला १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले, तेव्हा जिम मॅके हे क्रीडा निवेदकच तासन्‌तास ती बातमी सांगत होते. घटना मैदानावर येते, तेव्हा तिथे हजर असतो तो क्रीडा पत्रकारच.

प्रतिसाद: आडवी बॅट

फीत दिसली तर ती का बांधली आहे हे सांगायलाच हवे, यात वाद नाही. ती बातमी आहे. ती बांधणे योग्य की अयोग्य यावर पुढची दहा षटके खर्च करू नयेत, एवढेच माझे म्हणणे. पावसामुळे खेळ थांबला असेल तर गोष्ट वेगळी. जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनला पहिल्या दिवशी पाऊस पडत असताना समालोचक मायकेल होल्डिंग वर्णभेदावर बोलले. ते मी शेवटपर्यंत ऐकले आणि एकही चेंडू हुकला नाही. स्तुतीबाबतचा आपला मुद्दा मात्र मान्य.

प्रतिसाद: मंदप्रकाश

सर्वांचे आभार. माझी चीड मतांवर नव्हती, हुकलेल्या बळीवर होती, हे आता मला नीट कळले. तरी एक गाठ सुटत नाही. मार्च २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या फुटबॉल कार्यक्रमाचे तेव्हाचे निवेदक गॅरी लिनेकर यांनी ब्रिटिश सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर टीका केली ती कार्यक्रमात नव्हे, तर समाजमाध्यमावरील स्वतःच्या खात्यावर. म्हणजे तिसरा पंच सांगतात तशी वेगळ्या जागी आणि स्वतःच्या नावाने. तरीही बीबीसीने त्यांना कार्यक्रमापासून दूर ठेवले, सहकाऱ्यांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी काम नाकारले आणि त्या शनिवारी ‘मॅच ऑफ द डे’ निवेदक व समालोचकांविना, जेमतेम वीस मिनिटांचा दाखवला गेला. समालोचकाची जागा कक्षाबाहेरही त्याच्या पाठीशी येत असेल, तर त्याने बोलायचे कुठे?