मुलगी यूटाच्या रानात असताना नाताळ आणि संक्रांत: काय पाठवावे, काय लिहावे?

प्रश्न (न्यू जर्सीतील एक आई):

आमची पंधरा वर्षांची मुलगी ऑक्टोबरअखेरीपासून यूटा राज्यातील, केवळ मुलींसाठी असलेल्या एका वाइल्डरनेस थेरपी (रानात राहून घ्यायचे मानसोपचार) कार्यक्रमात आहे. दीर्घ नैराश्य, पूर्णपणे सुटलेली शाळा आणि येथील समुपदेशनाचा न झालेला उपयोग यांनंतर आम्ही हा निर्णय घेतला. तो बरोबर की चूक, ही चर्चा आमच्या घरात अजून संपलेली नाही. तिच्या थेरपिस्टच्या मते जानेवारीच्या मध्यापर्यंत ती तेथेच राहील. म्हणजे नाताळ, नवे वर्ष आणि बहुधा संक्रांतही ती उघड्यावर, बर्फात काढणार.

धाकटा मुलगा विचारतो की ताईचा नाताळच्या भेटींचा मोजा नाताळच्या झाडाशेजारी टांगायचा की नाही. सांगलीला सासूबाईंना ती बोर्डिंग शाळेत आहे एवढेच माहीत आहे आणि त्या तिच्याशी फोनवर बोलण्याचा आग्रह धरतात. तेथे सणाच्या दिवशी मुली नेमके काय करतात? घरच्या सणाबद्दल पत्रात लिहावे की मौन पाळावे? आणि तिळगूळ पाठवता येईल का?

उत्तर १ (पूर्वी फील्ड गाइड, म्हणजे रानात मुलींबरोबर राहणारी मार्गदर्शक, म्हणून काम केलेली):

मी काही हिवाळे यूटाच्या पश्चिमेकडील वाळवंटी पठारावर मुलींच्या गटांबरोबर राहिले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देते. प्रत्येक कार्यक्रमाची पद्धत वेगळी असते, हे गृहीत धरावे.

तेथील डिसेंबरचा खरा प्रश्न थंडीपेक्षाही अंधाराचा असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास यूटामध्ये दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो, तर पुण्यात त्याच दिवशी अकरा तास उजेड असतो. पाचनंतर लगेच काळोख पडतो, पारा रात्री उणे दहा सेल्सिअसच्याही खाली जाऊ शकतो, आणि मग शेकोटीभोवती बसून काढायची ती लांबलचक संध्याकाळ उरते, ज्या वेळी प्रत्येकीला आपले घर आठवते. त्यामुळे आमचा मोठा सण २५ तारखेचा नसे, तर वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीचा असे. गटात ख्रिस्ती, ज्यू, हिंदू आणि काहीच न मानणाऱ्या मुली एकत्र असल्यामुळे ती रात्र सर्वांची होऊ शके. मुली जुनिपर या झाडाच्या सालीचा भुगा आणि सेजब्रश या झुडपाचे लाकूड घेऊन, दोरीच्या धनुकलीने घासून विस्तव पाडतात. आपल्याकडील अग्निमंथनाच्या अरणीचीच ही जातकुळी आहे. ज्या मुलीला आठवडाभर ठिणगी साधलेली नाही, तिला ती त्या रात्री साधली तर सारा गट अक्षरशः नाचतो.

नाताळाला चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीने एकीसाठी काहीतरी बनवायचे असा आमचा रिवाज होता: कोरलेला लाकडी चमचा, विणलेली मनगटी, एखादी कविता. त्या दिवशी डाळ-भाताच्या नेहमीच्या शिध्याऐवजी जाड लोखंडी भांड्यात निखाऱ्यांवर शिजवलेले गोडधोड मिळे, आणि कोरडे नवे लोकरी मोजे मिळाले की मुलींना जो आनंद होई, तो घरी आयफोन मिळाल्यावरही झाला नसता. मात्र २५ तारखेची दुपार वाईट जाते. कोणी रडते, कोणी भांडण उकरून काढते. गाइडचे काम तेव्हा उत्साह भरण्याचे नसते; त्या रडण्याला जागा देण्याचे असते.

उत्तर २ (ह्यूस्टनमधील एक पालक):

पत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सणाविषयी मौन पाळू नये. घरी झाड लागले असणार हे मुलीला ठाऊकच असते, आणि आपण ते लपवले तर पुढच्या पत्रातील प्रत्येक वाक्याकडे ती संशयाने पाहते. त्याच वेळी “तुझ्याशिवाय घरात सण वाटतच नाही” हे वाक्यही टाळावे, कारण त्यामुळे घराच्या दुःखाची जबाबदारी तिच्या खांद्यांवर पडते. “मोजा टांगला आहे, धाकट्याने त्यात तुझ्यासाठी चित्र ठेवले आहे,” एवढी साधी बातमी पुरते. परतीची तारीख मात्र चुकूनही लिहू नये. ती हुकली की तेथील सारे कष्ट तिला फसवणूक वाटू लागतात. आजींना खरे सांगावे असे मला वाटते, कारण मुलगी परतल्यावर खोटे सांभाळण्याची वेळ तिच्यावरच येईल.

उत्तर ३ (कायद्याच्या क्षेत्रातील एक वाचक):

शेकोटीचे वर्णन सुंदर आहे, पण या क्षेत्राची दुसरी बाजू सणाच्या उबेत झाकली जाऊ नये. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००७ मध्ये अशा खासगी कार्यक्रमांतील दहा किशोरवयीनांच्या मृत्यूंचा तपशील मांडला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील एका वनोपचार शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दगावला आणि त्याच वर्षी राज्याने त्या शिबिराचा परवाना रद्द केला. डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्य पातळीवर अशा संस्थांतील मुलांच्या छळाविरुद्ध कायदाही झाला.

आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की यूटाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार मुलांना दर आठवड्याला कुटुंबाशी गोपनीय संवाद साधू देणे बंधनकारक आहे, आणि त्यात रानात चालणारे असे कार्यक्रमही येतात. सणाच्या आठवड्यात “कर्मचारी कमी आहेत” या सबबीवर तो टळत असेल, तर लेखी कारण मागावे. थेरपिस्ट समोर नसताना ती आपल्याशी बोलू शकते का, हा प्रश्न तिळगुळाच्या आधी विचारावा.

प्रश्नकर्ती:

आतापर्यंतचे दोन्ही फोन थेरपिस्टच्या उपस्थितीतच झाले. आजच ई-मेलने स्वतंत्र संवादाची मागणी केली आहे. मोजा टांगायचा असे ठरले. सासूबाईंशी यजमान रविवारी बोलणार आहेत.

उत्तर १ (फील्ड गाइड):

उत्तर ३ मधील मुद्दा योग्य आहे आणि चांगल्या संस्थेला तो खुपण्याचे कारण नाही. सुट्टीत गाइडची पाळी कधी बदलते आणि २५ तारखेला गटाबरोबर अनुभवी माणूस कोण असेल, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारावे.

तिळगुळाबाबत: १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तिळाची गणना प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थांत होते, त्यामुळे घरचा, वेष्टनावर यादी नसलेला तिळगूळ बहुधा अडवला जाईल. कारखान्यात बांधलेली, घटक छापलेली चिक्की घ्यावी, गटातील प्रत्येकीला पुरेल इतकी घ्यावी, आणि आधी परवानगी विचारावी. चिक्की पातळ बघून घ्या. त्या थंडीत जाड वडी दातांनी तुटत नाही.